खुर्चीवर तुटलेली पालनी

समितीवाल्यांनो, तुम्ही हे जाणूनबुजून केलंत. नियम लिहिताना होळी कधी आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, पालनी काय असते ते ठाऊक होतं, आणि यंदा डोंगरातला कोणता सदस्य पालनीत आहे, हेही ठाऊक होतं. दरवर्षी काठी गावच्या होळीला फेटे बांधून फोटो काढायला येता. माहीत नव्हतं म्हणायला तोंड ठेवलेलं नाही तुम्ही.

त्या सदस्याचं नाव वाहरू. सातपुड्यातल्या पाड्यांनी त्याला निवडून जिल्ह्याच्या सभागृहात धाडलं होतं. गेल्या श्रावणात त्याची सून सोनम अडली. पाड्याचा रस्ता नाल्यापाशी संपतो, आणि नाल्याला पूर होता. बांबूला झोळी बांधून तिला छातीभर पाण्यातून पलीकडे न्यावं लागलं. पुढच्या टोकाला वाहरू होता. मधोमध त्याचा पाय सटकला. तोंडात गढूळ पाणी गेलेलं असतानाच तो देवाला बोलून बसला, दोन्ही जीव वाचव, काठीच्या होळीला अंगाला राख लावून बुध्या होऊन नाचेन. बाळ पलीकडच्या काठावर, खडकाच्या आडोशाला जन्मलं. दोन्ही जीव वाचले.

बोललेलं फेडायचं तर पालनी पाळावी लागते. होळीच्या आधीचे दिवस खाटेवर, खुर्चीवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. मोडली तर कमरेला घुंगरू बांधता येत नाहीत. त्यासाठी कोणी पोलीस येत नाही. ज्याचं त्याला माहीत असतं, तेवढं पुरतं.

पण देव काय दरवर्षी नाल्यात उतरणार? वाहरूला ते कळत होतं. म्हणून त्याने पुलाचा प्रस्ताव केला. एकट्याचं कोणी ऐकेना, म्हणून गट बांधला. शेजारच्या पाड्यांची कालीबाई, नवापूरकडचे जोसेफदादा, त्यांच्याच बाजूची रूपीबाई आणि तो स्वतः. चौघे चार पक्षांचे. इथेच पक्षांतल्या मोठ्यांच्या पोटात दुखलं. आज ही माणसं पुलासाठी पक्ष बाजूला ठेवतात, उद्या जमिनीसाठी ठेवतील. मग आपल्या मागे कोण फिरणार?

लगोलग सदस्यांच्या वर्तनावर एक समिती बसली. अध्यक्ष भाग्येशभाऊ, सपाटीवरचे बागायतदार, गळ्यात जाड साखळी, बोलणं गोड. समितीने ठरवलं की चौघांपेक्षा कमी असतील तर तो गटच नाही. हजेरीला चौघेही आपल्या आसनावर दिसले पाहिजेत. जमिनीवर बसला तो आंदोलनाला बसला, त्याची हजेरी लागणार नाही. आणि हे सगळं लागू करायची सभा ठेवली होळीच्या आदल्या दिवशी.

वाहरू अनवाणी आला. फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसला.

"वाहरूदादा, हाई काय चाली ऱ्हायनं?" भाग्येशभाऊ माइकवर म्हणाले. "खुर्ची चावस का तुमले?"

सभागृह हसलं.

"पालनीत आहे, भाऊ. तुम्हाला माहीत आहे."

"माले माहीत शे. नियमले माहीत नई."

जोसेफदादा उठले. "अध्यक्षसाहेब, आमच्या उपासाच्या दिवसांत आम्हाला कोणी धरून जेवायला बसवत नाही. माणूस समोर बसलाय. नाव घ्या, हजेरी लावा, विषय संपवा."

"आज एकले देवना नावे सोडं, तर उद्या सगळासले देव येई, जोसेफदादा. नियम सगळासले सारखा शे."

सारखा. सपाटीवरच्या एकालाही आयुष्यात खुर्ची नाकारायची वेळ आलेली नाही, त्यांना हा नियम सारखाच.

कालीबाई वाकून वाहरूच्या कानाशी आली. "दादा, बस. नाव घेईपर्यंत बस फक्त."

"तुटेल."

"तुटेल. पण पूल होईल. दोष माझ्यावर टाक."

"दोष काय मीठ आहे, कालीबाई, शेजारणीकडून मागून आणायला?"

ती हळूच म्हणाली, "माझी पोरगी पाच महिन्यांची गरोदर आहे. तिचे दिवस पावसातच भरतील."

वाहरूने तिच्याकडे पाहिलं नाही. तो फरशीकडे पाहत राहिला. फरशी गार होती, आणि त्याला तळव्यांखाली नाल्यातले गुळगुळीत दगड लागले. तो उठला. खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरलेला होता. तो बसला तशी गादी सुस्कारल्यासारखी दबली. एवढ्या मऊ जागेवर एवढं वाईट वाटू शकतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

चौघांची नावं घेतली. चौघे आसनावर. गटाची नोंद झाली.

"अभिनंदन," भाग्येशभाऊ म्हणाले. "आते पुढला विषय."

"आमचा पुलाचा प्रस्ताव," वाहरू म्हणाला.

"नवा गटले पहिली सभामा प्रस्ताव मांडता येस नई. पुढली सभामा लेऊत."

"पुढची सभा कधी?"

"जून सरता सरता."

तोवर नाला पाण्याने भरलेला असतो. पावसात कोणी खांब उभे करत नाही. म्हणजे आणखी एक पावसाळा झोळीवर.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" कालीबाईने विचारलं.

"इचारं कोनी?" भाग्येशभाऊ म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना वाहरू काठीला पोचला. मैदानात होळीचा उंच बांबू आणून ठेवला होता, ढोल तापवत होते, राखेचे ठिपके अंगावर ओढलेले बुध्ये कमरेला भोपळे बांधत होते. म्हातारे करमसिंगबाबा एकेकाला जवळ घेऊन एकच गोष्ट विचारत आणि मग घुंगरू बांधत. वाहरूचे घुंगरू त्याच्या हातात होते. सोनमनेच काल घासून ठेवलेले.

"पाळली?" बाबांनी विचारलं.

खोटं बोलला असता तर कोणाला कळणार होतं? सभागृह तिथून किती लांब.

"तुटली, बाबा. खुर्चीवर बसलो."

बाबांनी त्याच्या हातातून घुंगरू घेतले आणि बाजूला खडकावर ठेवले. "पुढच्या वर्षी पहिल्यापासून धर," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात धुरळा उडवत गाड्या आल्या. भाग्येशभाऊ उतरले. बरोबरच्या पोरांनी बाजारातून विकत आणलेला मोरपिसांचा टोप त्यांच्या डोक्यावर चढवला. पायात कातडी बूट तसेच. ते बुध्यांच्या रांगेत घुसले, दोघांच्या खांद्यांवर हात टाकले आणि फोटोवाल्याकडे पाहून हसले.

करमसिंगबाबा पुढे गेले. "पाळली?"

"बाबा, मी पाहुणा शे." भाऊ हसतच होते. "पाहुणासले कसानी पालनी?"

बाबांनी हात वर केला. पहिला ढोल थांबला, मग दुसरा, मग सगळेच.

वाहरू रांगेबाहेरून चालत आला. अनवाणीच. पालनी तुटली तरी पायात घालायचं त्याला सुचलं नव्हतं.

"भाऊ, तुमच्या नियमासाठी माझी पालनी तुटली," तो म्हणाला. "देवाला दिलेला शब्द मी तुमच्या टॉवेलावर टाकला. पूल मिळाला नाही."

"होळीना दिन राजकारन नको, दादा."

"सभा तुम्ही होळीला चिकटवली. मी नाही." त्याचा आवाज चढला नाही. "कालीबाईची पोरगी पावसात नाल्यावर येईल. झोळीचं मागचं टोक मी धरतो. पुढचं कोण धरणार, त्याचं नाव सांगा. तुमच्या समितीतलं एक नाव."

भाऊंनी टोप काढायला हात वर नेला. तो पोरांनी घट्ट बांधला होता, निघेना.

"ढोल थांबलेत," वाहरू म्हणाला. "सगळे ऐकतायत. बोला, कोण?"