दुसऱ्या हातावरचं नाव

पार्थियाच्या लढाईवरून फौज परतली ती रोग घेऊनच. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या थुवतीरा गावात मेनोफिलोस नावाचा फिरता पुजारी आला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

अपोलो देवाच्या वेदीपुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. घरोघरी प्रेतं पडत होती, आणि देवाला गावातलं एक पाप खुपतंय, असं मेनोफिलोसनं सांगितलं होतं. पाप्याचं नाव देव बोकडाच्या कलेजीवर लिहिणार होता. बोकड कापला. गरम कलेजी त्यानं डाव्या तळहातावर घेतली, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला, मग उलटी करून उंच धरली. तिच्यावर काळी अक्षरं होती : मेलितिने.

मेलितिने आमची सुईण. अर्धं गाव तिच्या हातांत जन्मलेलं, मीसुद्धा.

"माणसं खोटं बोलतात, कलेजी नाही," मेनोफिलोस म्हणाला. "जिनं जन्म दिले, तीच आता मरण वाटतेय."

"दामास, तुझी नाळ मी कापली रे," ती समोरच्या कुंभाराला म्हणाली.

पहिला दगड दामासनंच मारला. वेशीपर्यंत ती जिवंत होती.

रोग हटला नाही. मेनोफिलोस म्हणाला, पापिणीला जोडीदारीण आहे, आणखी एक बोकड आणा. माझी ताटिया मावशी विहिरीवर बोलून गेली होती, "देवाला लिहिता येतं, तर रोग पुसता का येत नाही?" ते त्याच्या कानी गेलंच असणार.

आई लोकर रंगवायची; काळ्या रंगाला लागणारं तुरट मायफळ तिच्या रोजच्या हाताखालचं. मावशी घरी आली तेव्हा आई हात पुसत तिला म्हणाली, "त्या दिवशी मी वेदीला लागूनच उभी होते. मेनोफिलोसच्या डाव्या हाताला मायफळाचा नि सिरक्याचा वास होता. मायफळाच्या पाण्यानं लिहिलेलं हातावर दिसत नाही. रक्ताळ कलेजीवर काळं उमटतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"भ्यायले," आई म्हणाली.

बळीआधी पुजाऱ्याच्या हातांवर पाणी घालायचा मान गावातल्या बाईचा. या खेपेला तो आईनं मागून घेतला, आणि लोकर काळी करायला मायफळाच्या जोडीला लागणारं हिराकस घागरीत विरघळवलं.

मेनोफिलोसनं उजवा हात पुढे केला. डावा झग्याच्या घडीत होता.

"दोन्ही, महाराज. देवापुढे एकच हात धुतात होय?"

"धुवा की," दामासची बायको मागून म्हणाली. "पाणी काय चावतंय?"

लोक हसले. त्याला हात काढावाच लागला. पाणी पडताच तळव्यावर उलटी अक्षरं काळीभोर उमटली. आईनं मनगट सोडलं नाही. मावशीनं पितळेचा आरसा समोर धरला, आणि तिचंच नाव त्यात सुलटं दिसलं. बोकड अजून खुंट्याला बांधलेला, पाला खात होता.

दामासनं दगड उचलला.

"ठेव तो," आई म्हणाली. "मागच्या महिन्यात कुणाला मारलास ते आठव."

मेनोफिलोसला हद्दपार केलं. पुढे दुसऱ्या एका गावात त्याची वेदी झाल्याचं ऐकलं. मावशी त्याच हिवाळ्यात रोगानं गेली, पण स्वतःच्या अंथरुणात, आईच्या मांडीवर. दामास मरेपर्यंत मेलितिनेच्या थडग्यावर तेल वाहत राहिला. तिचं नाव मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. आई सत्तरीपर्यंत लोकर रंगवत होती.

आणि मी? मेलितिनेवर दगड उठले त्या दिवशी एक माझ्याही हातात होता. मी तो फेकला. तिला लागला.

म्हणून सांगते, देवाचं लिहिलेलं कुणी दाखवू लागला, तर आधी त्याचा दुसरा हात धुवायला लावा. दगड काय, नंतरही मिळतात.