तोंड बघून उघडणारं दार

ललितनं ते मशीन मुंबईच्या प्रदर्शनातून उचलून आणलं, तेव्हा अख्ख्या पिंपळगाव बसवंतात तसलं दुसरं नव्हतं. ललितच्या लेखी मशीनचा मुख्य गुण तोच होता. बाकी ते माणसाचं तोंड ओळखून दार उघडतं वगैरे गोष्टी जोडीला होत्याच.

साल २००९, फेब्रुवारी महिना. द्राक्षांचा हंगाम भरात आलेला. हायवेला लागून असलेल्या रंगनाथतात्यांच्या पॅकहाऊसमध्ये बेचाळीस बाया घड साफ करून पेट्या भरत होत्या. ललित हा तात्यांचा थोरला. पुण्याहून मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेऊन आला होता आणि आल्यापासून त्याला पॅकहाऊसमध्ये शिस्त आणायची होती. शिस्त म्हणजे बायांनी चहाला बाहेर जाऊ नये.

मशीन बसवायला नाशिकहून रूपाली आली. गंगापूर रोडवर सोमनाथशेठचं कॅमेरे-कुलपांचं दुकान होतं, तिथं ती तीन वर्षं नोकरीला होती. घरचे मखमलाबादला शेवंती आणि मेथी पिकवत. ही आयटीआय करून वायरी पिकवायला लागली, असं तिचे वडीलच म्हणत. स्कूटीवरून उतरून तिनं हेल्मेट काढलं तेव्हा ललितनं तिच्या मागे पाहिलं.

"इंजिनिअर मागून येतायत का?"

"मीच बसवणार आहे," रूपाली म्हणाली. "ड्रिलसाठी प्लग कुठंय?"

तिनं खोकं उघडून सगळं टेबलावर मांडलं. तळहाताएवढ्या काळ्या डब्याला दोन बारके कॅमेरे आणि भोवती अंधारातही बघता यावं म्हणून इन्फ्रारेड दिव्यांचे दाणे. बारा व्होल्टचा सप्लाय. दाराच्या चौकटीवर बसणारं लोहचुंबकाचं लांबट कुलूप आणि दारावर बसणारी त्याची लोखंडी पट्टी. आत भिंतीवर लावायचं बाहेर जाण्याचं बटण. आणि एक हिरवी डबी, आपत्तीत काच दाबली की कुलपाचा करंट तुटावा म्हणून. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, म्हणजे लिहिणाऱ्याचा तसा समज होता.

"हे कुलूप करंटवर जगतं," रूपालीनं ललितला समजावलं. "करंट आहे तोवर पावणेतीनशे किलोची ओढ धरतं. करंट गेला की दार सुटतं."

ललितचा चेहरा पडला. "म्हणजे लाईट गेली की दार उघडं? आमच्याकडं दिवसाला सहा तास भारनियमन. मग काय उपयोग?"

"आग लागली तर माणसं बाहेर पडायला नकोत का?"

"आग कशाला लागतेय? द्राक्षं आहेत, फटाके नाहीत."

रूपालीनं वाद घातला नाही. मशीनच्या पाठीमागच्या तीन टोकांपैकी बरोबर दोन निवडून तिनं कुलपाची वायर त्यातून नेली. तोंड ओळखलं की मशीन तो रस्ता क्षणभर तोडणार आणि दार सुटणार. आतलं बटण आणि हिरवी डबी तिनं थेट कुलपाच्या वायरीतच घातली. बाहेर पडणाऱ्याला मशीनची परवानगी लागू नये, एवढाच हिशेब. सगळ्या वायरी पांढऱ्या केसिंग पट्टीत बसवून वरून हात फिरवला. मशीन व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर लावू या, दार पश्चिमेला आहे, संध्याकाळचं ऊन कॅमेऱ्यात जाईल, असंही ती म्हणाली. पण आतल्या भिंतीवरचं मशीन हायवेवरून दिसलं नसतं. ते बाहेरच लागलं.

नारळ फुटला. पहिलं तोंड तात्यांचं नोंदवलं गेलं, टोपीसकट. दुसऱ्या दिवशी तात्या उकडतंय म्हणून टोपी काखेत मारून आले, तर मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." तात्यांनी चारदा तोंड दाखवलं, बाई चारदा प्लीज म्हणाली.

"निदान प्लीज तरी म्हणतीया," तात्या म्हणाले. "पोरगं तेवढंबी म्हणत नाय."

बायांनी मशीनचं नाव प्लीजबाई पाडलं. पॅकहाऊसचा नियम असा की आत येणाऱ्या बाईनं डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क बांधूनच यायचं, आणि प्लीजबाईचा नियम असा की मास्कवाल्या बाईला ओळखायचं नाही. मग बेचाळीस बाया रोज सकाळी दारात मास्क बांधायच्या, सोडायच्या, परत बांधायच्या. चहानंतर ऊन समोर आलं की मशीन कुणालाच ओळखेना. मुकादमीण सिंधुबाई पेटीचं झाकण बाईच्या डोक्यामागं धरून सावली करायची, आणि तिच्या सावलीत एकेक बाई आत जायची. अशा रीतीनं पूर्वी दोन मिनिटांत आत जाणाऱ्या बाया आता अर्ध्या तासात जाऊ लागल्या, आणि ललितच्या मते शिस्त आली.

फक्त बाहेर जाण्याचं बटण त्याला खुपत होतं. कुणीही उठावं, बटण दाबावं, बाहेर जावं, ह्याला काय अर्थ? त्यानं रूपालीला फोन केला. तिनं नाही म्हटलं. मग त्यानं सोमनाथशेठना फोन केला. शेठनी रूपालीला बोलावून सांगितलं, "गिऱ्हाईक म्हणजे देव, बाई."

"देवाला सांगा, आतल्या माणसाला बाहेर यायचा रस्ता ठेवावा लागतो," रूपाली म्हणाली. "ते मी काढणार नाही. दुसऱ्याकडून काढायचं तर लेखी द्या म्हणावं."

ललितनं लेखी काही दिलं नाही. त्यानं गावातला वायरमन गाठला. वायरमननं बटण काढलं, हिरवी डबी काढली, उघड्या पडलेल्या वायरी एकमेकींना पिळून टेप मारली. नवं बटण ललितच्या केबिनमध्ये टेबलाखाली बसलं. बाईला बाहेर जायचं तर तिनं काचेतून हात करायचा आणि ललितनं, मूड असेल तर, बटण दाबायचं. ते बटण मात्र मशीनला जोडलेलं होतं, कुलपाला नाही. शिवाय लाईट गेली तरी दार बंद राहावं म्हणून कुलपाला बॅटरी दिली. मशीनला दिली नाही, कारण बॅटरी लहान होती आणि ललितच्या मते सुरक्षा कुलपात असते. थोडक्यात, लाईट गेल्यावर पहारेकरी झोपणार आणि किल्ली त्याच्या मुठीत राहणार, अशी सोय झाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाकडून तपासनीस आले. ते बंगळूरचे होते, पण गळ्यात ओळखपत्राचा परदेशी पट्टा होता. ललितनं त्यांना आधी मशीनपुढं उभं केलं, स्वतःचं तोंड दाखवलं, "थँक यू" ऐकवलं आणि मग आत नेलं. बाया मान खाली घालून घड कातरत होत्या. दार मागं लागलं. अकरा वाजता जायची लाईट त्या दिवशी सव्वादहालाच गेली.

बाहेर जनरेटर आपोआप सुरू झाला. तो फक्त शीतगृहाला जोडलेला होता. द्राक्षांना गार ठेवायची सोय होती. माणसांची वेगळी सोय करायचं कुणाला सुचलं नव्हतं. जनरेटरचा धूर मात्र वाऱ्याबरोबर वरच्या झरोक्यातून थेट हॉलमध्ये यायला लागला.

"बाहेर जाऊ या," तपासनीस खोकत म्हणाले.

ललितनं दार ओढलं. दार हललं नाही. त्यानं काचेतून केबिनमधल्या कारकुनाला खूण केली. कारकुनानं टेबलाखालचं बटण दाबलं, परत दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मेलेल्या मशीनला बटण कळेना. बाहेरच्या हमालानं दाराला लाथ घातली. ललितनं दोन्ही हातांनी मूठ ओढली, ती स्क्रूसकट हातात आली. माल चढवायच्या शटरला बाहेरून कुलूप, किल्ली तात्यांच्या खिशात, आणि तात्या मार्केट कमिटीत लिलावाला. त्यांना फोन गेला, पण तिथून यायला वीस मिनिटं तरी हवीत.

बायांचा खोकला वाढला. कुसाबाईला दम्याचा त्रास होता; ती पेट्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. हमाल जनरेटर बंद करायला धावला, तर त्या खोलीलाही ललितनं शिस्तीखातर कुलूप घातलेलं. तपासनिसांनी कागद बाजूला ठेवला आणि तोंडाला रुमाल धरला. ललितनं वायरमनला फोन लावला. तो बंद. मग, दुसरा इलाजच न उरल्यानं, रूपालीला.

रूपाली निफाडला एका मंगल कार्यालयात शिडीवर होती.

"मॅडम, तुमचं दार उघडत नाही," ललित ओरडला.

"लाईट आहे?"

"नाही."

"मग ते आपोआप सुटायला हवं. कुणी हात लावलाय त्याला?"

"वायरमननं... थोडासा," ललित म्हणाला. त्या 'थोडासा'मधून रूपालीला सगळं वायरिंग दिसलं. ती शिडीवरून खाली आली. फोनमधून खोकल्याचे आवाज येत होते.

"चौकटीवरच्या कुलपाकडं जाणारी पांढरी पट्टी उघडा. आत दोन वायरी आहेत. त्यातली एक कापा."

"करंट लागला तर?"

"मोटरसायकलच्या बॅटरीएवढा आहे. काही होत नाही."

"पण मशीन जळलं तर? वॉरंटी..."

"फोन सिंधुमावशींना द्या," रूपाली म्हणाली. तो देईना, तेव्हा ती अशी ओरडली की मंगल कार्यालयातला आचारी बाहेर येऊन बघायला लागला.

फोन सिंधुबाईनं ललितच्या हातातून घेतला. "बोल पोरी."

"मावशी, क्रेटवर चढा. पांढरी पट्टी नखानं ओढली तरी निघेल. तांबडी न् काळी दिसतीय?"

"दिसती."

"कात्री आहे ना हातात? फक्त तांबडी कापा. दोन्ही एकदम धरू नका."

"पस्तीस वर्सं एकेक देठच कापत आले," सिंधुबाई म्हणाली आणि घड कातरायच्या कात्रीनं तिनं वायर कापली. कुलूप टक् करून सुटलं. मूठ नसलेल्या दाराच्या फटीत बोटं घालून चौघींनी ते आत ओढलं, आणि सगळ्यांत आधी कुसाबाईला उचलून आंब्याखाली नेलं. तिला तासाभरानं बरं वाटलं. तपासनिसांना बरं वाटायला जास्त वेळ लागला.

ललितनं मात्र लगेच खुलासा केला. वायरिंग नाशिकच्या मुलीनं केलंय, तिची चूक. तपासनिसांनी तसं लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोमनाथशेठ स्वतः रूपालीला घेऊन पॅकहाऊसवर आले. वाटेत त्यांनी तिला तीनदा बजावलं, "माफी मागून मोकळी हो. वाढवू नको." रूपाली खिडकीतून कांद्याचे टेम्पो बघत राहिली. रात्री तिला झोप नव्हती. आपणच कुठं चुकलो नाही ना, हा विचार तिनं शंभरदा उलटापालटा केला होता.

तात्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. रूपालीनं माफी मागितली नाही. तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला, मशीन खाली उतरवलं, बटणाच्या जागचा टेपचा बोळा सोडला आणि पिळलेल्या वायरी तात्यांपुढं धरल्या.

"हे माझं काम नाही, तात्या. मी असा जोड देत नाही."

"कुणी दिला?" तात्यांनी विचारलं.

"ललितदादांनी वायरमन आणला व्हता," सिंधुबाई म्हणाली. "आम्ही बेचाळीस जणींनी पायलंय. लाईट व्हती तवा."

तात्यांनी ललितला काही म्हटलं नाही. नोकरांसमोर मुलाला बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी सोमनाथशेठना सांगितलं, "तपासनिसाला पत्र लिवा, पोरीची चूक नाय म्हणून. मी सही करतो." शेठनी तिथल्या तिथं पत्र लिहिलं, आणि गिऱ्हाईक म्हणजे देव हे वाक्य त्या दिवशी पुन्हा उच्चारलं नाही. मग तात्या रूपालीकडं वळले. "दार सादं कर. आतून कुणीबी उघडंल असं."

रूपालीनं साधी कडी बसवली आणि सिंधुबाईला तीन वेळा उघडून बघायला लावली. मशीन टाकून कसं द्यायचं, म्हणून ते ललितच्या केबिनला लागलं. तिथं जाणारा तो एकटाच, त्यामुळे ओळख पटायचा प्रश्न उरला नाही. दिवसातून दहा-बारा वेळा त्याला कुणीतरी थँक यू म्हणू लागलं.

लोकांनी ह्यातून काय धडा घ्यावा? त्या महिन्यात पिंपळगावातल्या आणखी तीन पॅकहाऊसमालकांनी सोमनाथशेठकडं तसलंच मशीन मागितलं. तपासनीस ज्या दारावर पानभर लिहितो ते दार भारीच असणार, असा बाजारात बोलबाला झाला होता.

पहिल्या ठिकाणी रूपालीनं खोकं उघडण्याआधीच मालकाला विचारलं, "शेठ, लाईट गेली तर आतल्या माणसानं काय करायचं?"

मालकानं विचार केला. "काम करायचं," तो म्हणाला.

रूपालीनं खोक्याला पुन्हा चिकटपट्टी लावली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मग बसा. आधी बोलू या."