कुपीवरचं अक्षर

"वाचत बसू नका आपा, खाली सही करा फक्त," असं म्हणून प्रयोगशाळाप्रमुख बिरादार सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

रईसाने कागद उचलला आणि वाचला. नांदेडच्या या विज्ञान संस्थेत ती सोळा वर्षं पेशी वाढवत होती. लेबल वाचल्याशिवाय तिने साधी पाण्याची बाटलीही कधी उघडली नव्हती. कागदावर लिहिलं होतं, की प्रयोगशाळा सहायक रईसा लालमहंमद शेख यांच्या निष्काळजीपणामुळे दोन कुप्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून चुकीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

"सर, हे मी केलं न्हाई."

"कुणी केलं हा मुद्दाच नाही. ज्या नियतकालिकात शोधनिबंध छापला, त्यांना कारण द्यावं लागतंय. तुमचं काय जाणार आहे त्यात?"

रईसाने कागद होता तसा टेबलावर ठेवला. "सोमवारी चौकशीची समिती बसणार हाय म्हणे. तिथंच बोलते," एवढं म्हणून ती बाहेर आली. जिना उतरताना 'तुमचं काय जाणार आहे' हे शब्द तिच्या डोक्यात सणकत होते.

बारावी सायन्स झाल्यावर तिचं लग्न झालं, मुलगी मनतशा चार वर्षांची असताना नवरा अपघातात गेला, आणि अकरा-अकरा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीच्या ऑर्डरवर ती इथे लागली. पेशींना एक दिवसाआड ताजं पोषक द्रव द्यावं लागतं. त्यांना सुट्टी कळत नाही, सण कळत नाही. ईदच्या सकाळी शीरखुर्मा उतरवून ठेवला, की पाहुणे यायच्या आत ती संस्थेत जाऊन यायची.

तिच्याकडच्या पेशी खास होत्या. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, बाहेरचा निरोप घेणारे. निरोप आला की रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. आत गेल्यावर त्यांना परत वर पाठवायचं की मोडीत काढायचं, हे रॅब नावाची इवलीइवली प्रथिनं ठरवतात. रॅबला जीटीपी नावाचा रेणू चिकटलेला असला की ते चालू, तो तुटून त्याचा जीडीपी झाला की बंद. रिसेप्टर वर परतलाच नाही, तर पुढचा निरोप पेशीला ऐकूच येत नाही. कित्येक आजारांची मुळं तिथे आहेत, म्हणून जगभर त्यावर काम चाललेलं असतं. बिरादार सरांच्या दोन कुप्यांत दोन तऱ्हेच्या पेशी होत्या. एकीतलं रॅब कायमचं चालू करून ठेवलेलं, दुसरीतलं कायमचं बंद. रिसेप्टरला हिरवी चमक जोडलेली होती, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तो कुठे आहे ते दिसायचं. हे सगळं रईसा पुस्तकातून शिकली नव्हती. पण काचपट्ट्या तीच तयार करायची आणि रोज बघायची. बंदमध्ये हिरवे ठिपके आत केंद्रकापाशी साचून राहतात, चालूमध्ये तासाभरात कडेला परत येतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

दोन वर्षांपूर्वी, साठ्यातल्या पेशींच्या कुप्या ज्यात गोठवून ठेवतात त्या द्रव नायट्रोजनची गाडी वेळेवर आली नाही. टाकी रिकामी होत चालली म्हणून रविकिरण या पीएच.डी. करणाऱ्या मुलाने घाईघाईने दुसऱ्या विभागाच्या टाकीत सोय केली, पेशी नव्या कुप्यांत भरल्या आणि लेबलं लिहिली. त्या दिवशी रईसा अर्धापूरला भाचीच्या लग्नात होती. परत आल्यावर तिने 'बंद' लिहिलेल्या कुपीतल्या पेशी वाढवल्या. काचपट्टी बघितली तर ठिपके सगळे कडेला.

"रविकिरण, ह्या बंदच्या न्हाईत. लेबल उलटं पडलंय."

"आपा, उलट हाच तर नवा शोध हाय," तो हसून म्हणाला होता.

ती सरांकडे गेली. सर संगणकावरून मान न उचलता म्हणाले, "तुम्ही पेशी सांभाळा. अर्थ आम्ही काढू."

त्यांनी अर्थ काढला. रिसेप्टर परत पाठवायला या रॅबची गरजच नसते, असा निबंध बाहेरदेशी छापून आला. सरांना शाल मिळाली. रविकिरणला पदवी मिळाली, पाठोपाठ एका महाविद्यालयात प्राध्यापकी. मग लातूरच्या संशोधक वर्षाराणी मॅडमनी त्याच पेशी मागितल्या. रईसाच थर्मोकोलच्या डब्यात दोन फ्लास्क मांडीवर घेऊन एसटीने लातूरला देऊन आली. मॅडमनी आधी डीएनए तपासला. लेबलं उलटी निघाली, आणि मॅडमनी तसं नियतकालिकाला कळवलं.

"अम्मी, सही करून टाक ना," सरांनी कागद पुढे केला त्या संध्याकाळी मनतशा म्हणाली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. "जूनमध्ये ऑर्डर संपतीय. सरांशी वाकडं घेऊन काय मिळणार?"

रईसा कणीक मळत होती. तिने परातीतून हात काढला. "ज्यानं केलं तो प्राध्यापक झाला. जिनं सांगितलं ती निष्काळजी. तू मला हे शिकवून राहिली का?"

मनतशाने परात आपल्याकडे ओढली आणि कणीक मळायला घेतली.

सोमवारी समितीत बिरादार सर होते, संचालक होते आणि बाहेरच्या सदस्य म्हणून वर्षाराणी मॅडम. रविकिरणने पत्र पाठवलं होतं, की कुप्यांची सगळी देखभाल सहायकांकडे होती. संचालकांनी ते वाचून दाखवलं.

"काही म्हणायचंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कुप्या काढून बघा साहेब. लेबल हातानं लिहिलेलं असतं. अक्षर कुणाचं ते बघा."

"आता त्या बाहेर काढल्या तर पेशी खराब होतील," बिरादार सर घाईने म्हणाले.

"अर्ध्या मिनिटात काही होत न्हाई. सोळा वर्षं काढूनच राहिले की मी."

वर्षाराणी मॅडम उठल्या. मग सगळ्यांनाच उठावं लागलं. टाकीच्या खोलीत रईसाने जाड हातमोजे चढवले, झाकण उचललं. पांढरी वाफ तिच्या पायांवर उतरली. तिने सळई वर ओढली, एक कुपी चिमट्यात धरली आणि अंगठ्याने बर्फ पुसला. तारीख होती. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ होती आणि खाली आर.के. अशी सही. रविकिरणचा सात संस्थेतल्या प्रत्येक फळ्यावर संचालकांनी आणि सरांनी पाहिलेला होता. तिने दुसरी कुपी दाखवली. तेच अक्षर. दोन्ही परत ठेवून तिने झाकण लावलं.

"दोन वर्षांपूर्वी मी ह्यांना सांगितलं होतं," ती बिरादार सरांकडे बघत म्हणाली. "ह्यांना इचारा."

संचालकांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "रोज शंभर गोष्टी कानावर येतात. सगळ्या कुठे लक्षात राहतात?"

"ही राहायला हवी होती, सर," वर्षाराणी मॅडम म्हणाल्या.

निबंध मागे घेतला गेला. कारण छापून आलं, 'लेबल लावताना झालेली चूक'. कुणाची, ते नाही. रविकिरणची नोकरी तशीच राहिली, सरांची शालही. रईसाला कुणी दोष दिला नाही आणि कुणी माफीही मागितली नाही. सरांनी फक्त तिच्याशी बोलणं बंद केलं.

ऑर्डर संपायला आठ दिवस राहिले तेव्हा ती कार्यालयात गेली आणि समितीचा निर्णय तिला लेखी हवा म्हणाली. सिद्धेश्वर क्लार्कने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आपा, तुमच्या नव्या ऑर्डरची फाईल सरनी वर पाठविलीच न्हाई. आता ह्या कागदाचं काय करता?"

"घरी ठेवते."

त्याने टाईप केलं, 'संबंधित महिला कर्मचाऱ्याचा या प्रकरणी दोष आढळून आला नाही.'

"नाव लिही."

"समजतंय की त्यावरून."

"दोष लावायच्या कागदावर पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. तसंच लिही."

त्याने नाव घातलं, संचालकांची सही आणली आणि गोल शिक्का उठवला. शिक्का बरोबर नावावर बसला. जांभळ्या शाईखाली 'रईसा' एवढंच कसंबसं वाचता येत होतं.

"दुसरा काढ," ती म्हणाली.

"साहेब जेवायला गेलेत. पुन्हा सही लागंल. तासभर तरी जाईल."

रईसाने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि ती बसली. तास संपून वर वीस मिनिटं झाली तेव्हा सिद्धेश्वर नवा कागद सही करून घेऊन आला. तिने उठून तो टेबलावर सरळ करून धरला, आणि शिक्का कुठे मारायचा ती जागा त्याला बोटाने दाखवली.