सगळ्या कपांवर एकच अंगठा

मी कप घडवणारे एक जुने चाक आहे. जुने म्हणालो म्हणून लगेच कीव करू नका, मित्रांनो! आत्ता या घडीला माझ्यापाशी बसायला दाराबाहेर रांग लागली आहे. आत्याची माती मळून व्हायची आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकतो.

मला एका सुताराने घडवले. खाली जड लाकडी तबकडी, वर हलकी तबकडी आणि दोन्हींना जोडणारा लोखंडी दांडा, एवढाच माझा देह. पायाने खालची तबकडी ढकलली की वरची फिरते आणि तिच्यावरचा मातीचा गोळा हातांत उंच होत जातो. मला वीज लागत नाही. लागतात दोन पाय आणि थोडेसे तेल.

आत्याने मला घेतले तेव्हा ती ऐन तारुण्यात होती. तशी ती फक्त तिच्या भाचीची आत्या, पण सगळा रस्ता तिला आत्याच म्हणतो. आम्ही दोघांनी किती कप घडवले असतील! लोक ते हातात घेऊन म्हणायचे, "कसा हातात बसतो बघा!" आत्या गालातल्या गालात हसायची आणि मी उगाचच एक गिरकी जास्त घ्यायचो. प्रत्येक कपाच्या बुडाला, माती ओली असतानाच, ती आपला अंगठा उमटवायची. तीच तिची सही.

मग बाजारात यंत्रावरचे कप आले आणि आमचे गिऱ्हाईक आटले. माझ्यावर चादर पडली, चादरीवर रद्दी आणि रद्दीवर एक मोडकी छत्री. फिरणाऱ्या जिवाचे टेबल झाले हो! फार वाईट वाटायचे.

आमच्या खोलीचा मालक शेजारीच नळ आणि पाइप विकतो. सगळे त्याला पाइपभाऊ म्हणतात. एके दिवशी तो दारात येऊन म्हणाला, "आत्या, रागावू नका, पण महिनाअखेर खोली मोकळी करा. मला गोदाम हवंय. तुमच्याकडे तसंही चिटपाखरू फिरकत नाही."

दुसऱ्या दिवशी आत्या फरशीच्या कारखान्यात काम मागून आली. भंगारवाल्याने येऊन माझ्या दांड्यावर टकटक केले. "लोखंड चांगलंय," तो म्हणाला, "लाकूड जाईल जळणाला." माझी तर पाचावर धारण बसली.

तेव्हा भाचीने पदर खोचला. "आत्या, जायचंच आहे ना? मग एक रविवार दार सताड उघडू. ज्याला हवा त्यानं आपला कप घडवायचा. भाजून आपण द्यायचा."

"लोकांना माती चिवडायला बोलावू? आणि चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, तुला माहितीये."

"नको उघडूस. फक्त त्यांचे हात धर."

आणि काय सांगू तो रविवार! जन्मभर मी एकाच बाईचे पाय ओळखत होतो. त्या दिवशी पोस्टातल्या बाई आल्या, बेकरीवाला आला, बसचा ड्रायव्हर आला, दातांचा डॉक्टर आपल्या आईला घेऊन आला. कुणाचे पाय घाबरत पडत, कुणाचे बसचा ब्रेक दाबावा तसे. डॉक्टरांची आई तर उठायलाच तयार नव्हती! आत्या प्रत्येकाचे हात धरी, कप झाला की बुडाला अंगठा दाबी आणि फळीवर ठेवी. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर, भाची पाणी आणायला गेलेली आणि आत्या एकटीच असताना, आणखी एक जड पाऊल दबकत माझ्यावर पडले. त्याचे नाव मी एवढ्यात सांगत नाही.

कप वाळले, भाजून निघाले आणि भाचीने डोक्याला हात लावला. "आत्या, अगं नावं कुठायत? सगळ्या कपांच्या बुडाला तुझाच अंगठा!"

इतकी वर्षे इथले प्रत्येक भांडे आत्याचेच होते. हाताला सवय ती सवय. त्यातून भट्टीत माती आकसते, रंगही बदलतो, त्यामुळे कुठला कप कुणाचा ते कळेना. मला मात्र एकूण एक माहीत होते, पण मला विचारतो कोण?

"लोक हसतील," आत्या म्हणाली. "दार बंदच ठेव."

पण लोक ठरल्याप्रमाणे कप न्यायला आलेच. भाचीने खरे ते सांगून टाकले आणि एकच हलकल्लोळ झाला. सगळ्यात सुबक कपावर चौघांनी हक्क सांगितला. ड्रायव्हर आणि डॉक्टर तर हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात आत्या पुढे झाली. तिने पोस्टातल्या बाईंच्या हातात एक कप ठेवला आणि हळूच म्हणाली, "डोळे मिटा. बोटं कुठं बसतात बघा."

पहिला नाही, दुसरा नाही, तिसऱ्या कपाला बाई ओरडल्या, "हाच! माझं बोट इथंच रुतलं होतं!" मग काय, सगळी खोली डोळे मिटून कप चाचपू लागली. हशा, धक्के, आरोळ्या! ज्याला आपला कप सापडे तो त्याला पोटाशी धरी. "पुढचा रविवार कधी?" जो तो विचारू लागला. बेकरीवाल्याने तर दुकानासाठी आत्याच्या हातचे कप तिथल्या तिथे मागवले.

फळीवर एकच कप उरला. वाकडा, एका बाजूला कललेला. "हा कुणाचा?" भाचीने विचारले. कुणी पुढे येईना.

दारात पाइपभाऊ उभा होता. खोलीची किल्ली मागायला आला होता. कानापर्यंत लाल होऊन तो म्हणाला, "तो... माझा आहे."

आत्याने कप त्याच्या हातात दिला. त्याने डोळे मिटले आणि त्याची जाडी बोटे बरोबर खळग्यांत बसली. तसाच डोळे मिटून तो कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग खोलीतल्या गर्दीकडे बघून म्हणाला, "गोदामाचं मी दुसरीकडे बघतो. पण रविवारी पहिला नंबर माझा, सांगून ठेवतो."

आज माझ्या शेजारी दोन नवी चाके आहेत, तरी माझीच कुरकुर सगळ्यांना आवडते. आता जो तो आपल्या कपाला आपलाच अंगठा उमटवतो. मित्रांनो, तुमच्याही घरात चादरीखाली एखादे जुने अवजार पडले असेल. त्याला तेल घाला आणि दुसऱ्या कुणाचा हात त्यावर ठेवून बघा.

थांबा, माती मळून झाली वाटते. ऐकलेत? चार माणसांत तोंड न उघडणारी आमची आत्या दारात उभी राहून खणखणीत हाक मारते आहे, "चला, पहिलं कोण बसतंय?"