कपाट आणि चूल

“घरोघरी मातीच्या चुली, बाळ. तोंड धू आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जा.”

आईचा तो अंगाईसारखा मऊ आवाज लेकीच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा ती बॅग घेऊन माहेरच्या उंबऱ्यात उभी होती आणि मनगटावर नवऱ्याच्या बोटांचे वळ होते. ती परत गेली. सुटली ती फार पुढं, एकटीनं.

आज तोच आवाज काचेपलीकडे माइकसमोर होता. स्टुडिओत इंग्रजी मालिकांचं डबिंग चाले. मालिकांमधल्या आयांना आई आवाज द्यायची, मराठी संवाद लेक लिहायची. आजच्या प्रसंगात फुटक्या ओठांची मुलगी माहेरी येते आणि तिची आई इंग्रजीत म्हणते, प्रत्येक घराच्या कपाटात एखादा सांगाडा असतोच. लेकीनं तिथं मातीच्या चुली लिहिल्या होत्या. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

दिग्दर्शक करवादला. त्या बाईच्या घरात गॅस आहे, चुली कुठून आल्या? सांगाडाच ठेवा, लोकांना कळतं हल्ली.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सुनावलं, की तिकडची कड्याकुलपांत जगणारी माणसं, घरातलं पाप कपाटात कोंडतात. आपल्याकडे धूर साऱ्या आळीला दिसतो, म्हणून आपण म्हणतो, सगळ्यांचंच असं. तो सांगाडा आपल्या आयांच्या तोंडी घातलात तर लोक हसतील. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं.

“बरं बाई, पेटवा तुमची चूल,” म्हणत तो मागं सरला.

लाल दिवा लागला. पडद्यावरचे ओठ हलले आणि काचेपलीकडून आवाज आला, “घरोघरी मातीच्या चुली, बाळ.”

‘बाळ’ कागदावर नव्हतं. ते आईनं पदरचं घातलं होतं.

लेकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कपाट काय नि चूल काय, पोरीनं मुकाट्यानं परतच जायचं. आणि ह्या चुलीसाठी आपण आत्ता हमरीतुमरीवर आलो!

दिग्दर्शक खूश होता. एका दमात ओके, म्हणाला. लेकीनं काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलं. काही दुरुस्ती असेल असं वाटून आईनं पेन्सिल उचलली.

“ओळ मी कापतेय, आई. मला त्या दिवशी परत जायचं नव्हतं. तू एकदा तरी विचारायचं होतंस.”