ठोक्यांत निजलेली

मार्गशीर्षातली ताम्रवर्णी सकाळ. तांबट आळीच्या ओट्याओट्यांवर ऊन उतरले, घागरींच्या पोटांवर झळाळले, हंड्यांच्या काठांवरून ओघळले. आणि उन्हाबरोबर जागे झाले हातोडे. ठण् ठण्, ठण् ठण्. मठारकाम सुरू झाले, तांब्याच्या नितळ अंगावर चकाकते ठिपके उमटू लागले. या आळीत दिवसाउजेडी हातोडे थांबतात ते फक्त कुणी गेले तर.

मकरंदच्या कारखान्यावरच्या माडीत रेवती बसली होती. मांडीवर तान्ही लेक, गुलाबकोमल, निद्रामग्न. खाली नवऱ्याच्या हातोड्याचा घणघणाट, आणि लेकीची पापणीही हलत नव्हती. हलत होते ते रेवतीचे काळीज.

श्रावणात, पाचव्या महिन्यात, तिला ताप आला होता. सायटोमेगॅलोव्हायरस, डॉक्टर सबनीसबाई म्हणाल्या; लहान मुलांच्या लाळेतून येतो. थोरली ईशानी पाळणाघरातून तो हसतखेळत घेऊन आली होती, आणि रेवतीने, अन्न टाकवत नाही म्हणून, तिच्या ताटातला उष्टा वरणभात रोज निपटून खाल्ला होता. "बाळापर्यंत पोचला तर कानांवर घाव घालू शकतो. पण पोचेलच असं नाही," बाई म्हणाल्या. रेवतीने पहिलेच वाक्य तेवढे घरी आणले.

तिला कुठे ठाऊक होते, त्या तापाच्या दिवसांत तिच्या देहात केवढे रण माजले होते! शत्रू पेशीपेशीत शिरत होता. शिरेल ती पेशी फुगत होती, फुगून त्याचीच पिलावळ वाढवत होती. आधी धावल्या त्या जन्मजात पहारेकरी पेशी, ओळखदेख न विचारता झडप घालणाऱ्या. मागून आल्या टी-पेशी, सावकाश, शत्रूची खूण शिकून, बाधलेली पेशी नेमकी हेरून तिच्यासकट त्याला संपवणाऱ्या. आणि रक्ताच्या अरुण प्रवाहातून निघाली प्रतिपिंडे, त्याला वाटेतच धरून ठेवणारी. तीच पुढे वारेतून बाळाकडे गेली. आईच्या आधी, आईकडून, बाळाला भेटली. शत्रू समूळ मेला नाही, तो कधीच मरत नाही. अस्थिमज्जेच्या काळोखात तो निजला, आणि त्याच्या उशाशी जन्मभराचा पहारा बसला. आत देह असा लढत होता, आणि बाहेर रेवती स्वतःलाच बोल लावत होती.

बाळाची लघवी तपासायला गेली होती. कानांची तपासणी उद्या होती. पण उद्यापर्यंत धीर कुणाला?

"अहो!" तिने जिन्यातून हाक मारली. "थांबवा ते! प्रत्येक घावाला मी हिच्या पापण्या बघते. हलत नाहीत हो!"

मकरंदचा हातोडा हवेतच राहिला. तो उठला, शेजारच्या ओट्यावर गेला. "थोडा वेळ, दादा," एवढेच म्हणाला. निरोप ओट्याओट्याने पुढे गेला. एक हातोडा मुका झाला, दुसरा झाला, सारी आळी मुकी झाली. भर सकाळी दुखवट्याची शांतता पसरली.

ती शांतता जिना चढून वर आली, आणि लेकीच्या कपाळावर आठी पडली. ओठ दुमडले. मुठी उघडल्या. डोळे उघडले, आणि तिने असा टाहो फोडला की रेवती दचकली. जोजवले, पाजायला घेतले. छे, लेक ऐकेना. खाली मकरंदला काही सुचेना. सवयीने त्याचा हात घागरीकडे गेला. ठण्.

रडणे अर्ध्यावर थांबले.

ठण् ठण्. हुंदका विरला. हातोडा थांबला, पुन्हा टाहो. पुन्हा ठण्, पुन्हा शांत.

"रेवती!" तो खालूनच ओरडला. "अगं, तिला ऐकू येतंय! पोटात असल्यापासून हेच ऐकत झोपलीये पोरगी! तांबटाची लेक ती, हातोड्यानं उठेल कशी?"

रेवती हसली, हसता हसता रडली, लेकीच्या इवल्या कानावर ओठ टेकून मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी यंत्रानेही तेच सांगितले. दोन्ही कान उत्तम. लघवीत विषाणूचा मागमूस नाही. "पोचलाच नाही बाळापर्यंत," सबनीसबाई म्हणाल्या. "तुमच्याच शरीरानं अडवला त्याला. आता पुरे झालं स्वतःला दोष देणं." रेवतीच्या छातीवरचा श्रावणापासूनचा दगड त्या खुर्चीतच उतरला.

सायंकाळच्या केशरी उजेडात रिक्षा आळीत शिरली. काय झाले ते कळावे म्हणून साऱ्यांनी हातोडे खाली ठेवले, माना उंचावल्या. आळी पुन्हा निःशब्द झाली. कुशीतल्या लेकीच्या कपाळावर लगेच आठी पडली.

"अहो दादा, थांबलात काय सगळे!" रेवती रिक्षातूनच ओरडली. "मारा ठोके, नाहीतर उठेल ना ती!"

आळी खदखदून हसली. एका ओट्यावर ठोका पडला, दुसऱ्यावर पडला, केशरी उजेडात तांबे निनादू लागले. लेकीची आठी विरली, मूठ सैल झाली. आणि ठोक्यामागून ठोका, ठोक्यामागून ठोका, ती निजली.