उक्त्याची भट्टी

माझं कुणी खरं मानलंच नाही. कोळशाच्या भट्टीचं ऐकतो कोण? तरी सांगते.

दाभोशाच्या जंगलात लाडक्यानं मला रचलं. उभी लाकडं, त्यावर पाला, पाल्यावर ओली माती. त्याची बायको पोशी माझं अंग लिंपायची. आम्हा भट्ट्यांचं आयुष्य तोकडं, पण पेटल्यापासून कुणीतरी जवळ लागतं. भेग पडली की लगेच माती टाकायची, नाहीतर वारा शिरून आतलं सगळं राख.

संस्थानच्या जंगलाचा ठेका देवजीशेटकडे. तो म्हणाला, "लाडक्या, रोजंदारी नाही देत. भट्टी उक्ती घे. जेवढा कोळसा तेवढा पैसा. तू आता गडी नाहीस, मालक आहेस!"

लाडक्या लाजून हसला. मालक म्हणे! कुऱ्हाड शेटची, जागा शेटनं दाखवलेली, दुसऱ्याचा कोळसा पाडायला बंदी. वर रोज हाका. घोड्याला चारा आण, वखार झाड. हाकेसरशी धावतो तो गडीच. मला मातीच्या ढिगाला कळत होतं.

मी ऐन तापात असताना शेट आला. "चल, गाड्या भरायच्यात."

"शेट, भट्टी पेटलीय. आज नको."

"बायको आहे ना तुझी? पुढच्या साली काम पाहिजे की नको?"

लाडक्या गेला.

दुपारी माझी कूस फाटली. पोशी एकटी माती टाकत राहिली. हात भाजले तशी वखारीकडे पळाली. "शेट, भट्टी फुटली! पोराच्या बापाला सोड!"

शेट गाडीवानांकडे बघून हसला. "नवऱ्यावाचून करमत नाय हिला!"

गाड्या भरून लाडक्या आला, तोवर माझी राख झाली होती.

शेटनं मामला गावच्या भिका पाटलाकडे नेला. पाटलानं निवाडा केला. "भट्टी उक्ती, म्हणजे शेटच्या लाकडाचं नुकसान लाडक्यानं भरायचं. फिटेपर्यंत शेटकडे फुकट राबायचं."

"शेटनंच नेलं ना मला!"

"मालक होतास तर नाही म्हणायचंस."

माणसं कामाला लावणाऱ्यांनो, एवढं ऐका. गडी कोण नि उक्तेकरी कोण, हे त्याच्या राबण्यावरून ठरवा. कामापुरता गडी आणि तोट्यापुरता मालक, हा कुठला न्याय?

मी आता जंगलातला एक काळा डाग. लाडक्या शेटचं शेण काढतो. भट्टी कुणी घालवली, असं पाड्यावर कुणी विचारलं तर देवजीचं नाव निघत नाही. लाडक्यासुद्धा मान खाली घालून एकच नाव सांगतो. पोशी.